इर्जिकीचा हिशेब

काही वर्षांपूर्वी मेळघाटावरच्या एका छोट्या पुस्तकाची मुद्रितं तपासताना मी दुसऱ्याच पानावर थबकलो. ‘मेळघाटातल्या खोल दर्या’ असं छापलं होतं. दर्या म्हणजे समुद्र. अमरावती जिल्ह्यात समुद्र आणून सोडण्याचा हा पराक्रम लेखकाचा नव्हता, त्याने हस्तलिखितात नीट ‘दऱ्या’ लिहिलं होतं. नागपूरच्या सीताबर्डीतल्या ज्या डीटीपीवाल्याकडे काम होतं, त्याला जुन्या फॉन्टमध्ये हा र डोळे मिटून टाकता यायचा. युनिकोडवर आल्यापासून तो त्याला सापडत नव्हता. चार पानं पुढे आचाऱ्यांऐवजी आचार्यांनी पंगत वाढली होती.

आम्ही दोघांनी बरीच खटपट केली. शेवटी रात्री उशिरा मराठी टंकलेखनावर बोलणाऱ्या मंडळींच्या एका ऑनलाइन गटात प्रश्न टाकून घरी गेलो. सकाळी चार ओळींचं उत्तर आलं होतं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून र ची कळ मारा, मग हलन्त, मग य. शिफ्टमुळे खाली टिंब असलेला वेगळा ऱ उमटतो, तो य ला जोडला की हवा तो आकार येतो. जुन्या प्रणालीवर तो नीट दिसला नाही तर दोष तुमचा नाही, फॉन्टचा आहे, अशी शेवटी एक पुस्ती. उत्तर देणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसतं टोपणनाव होतं. आम्ही ‘धन्यवाद’ लिहिलं आणि कामाला लागलो.

डीटीपीवाल्याने त्या चार ओळींच्या जोरावर पुढे कितीतरी पुस्तकं केली. पानामागे ठरलेला दर त्याने घेतला, प्रकाशकाने पुस्तकं विकली, मी संपादनाचं मानधन घेतलं. एके दिवशी चहा पिता पिता तोच म्हणाला, “भाऊ, त्या माणसानं काऊन सांगितलं असंन? त्याले काय भेटलं?”

या लेखसंग्रहाचं मूळ त्या प्रश्नात आहे. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या आणि लिहिणाऱ्यांच्या वस्तीत रोज लाखो अडचणी अशा अनोळखी माणसांच्या सांगण्यावर सुटतात. सांगणाऱ्यांना काय मिळावं, कोणी द्यावं आणि किती दिलं म्हणजे ते न्यायाचं, याचा विचार मराठीत सलगपणे झालेला नाही. आधी शब्दाचीच अडचण. ‘स्वयंसेवक’ म्हटलं की नागपुरात ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिलं चित्र वेगळंच उभं राहतं. म्हणून या पुस्तकात बहुतेक ठिकाणी ‘जाणकार’ हा साधा शब्द वापरला आहे.

विचाराची सामग्री मात्र आपल्याकडे मुबलक आहे. जुन्या शेतीत एखाद्याचा बैल दगावला, घरधनी आजारी पडला, पाऊस तोंडावर आला तरी रान नांगरायचं राहिलं, की गावातले दहा-वीस जण आपापले बैल आणि नांगर घेऊन त्याच्या शेतात उतरत. मजुरी नाही. धनी त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचा. याला इर्जिक म्हणत. इर्जिक फुकट होती असं मानणं ही शहरी समजूत झाली. जेवण कसं होतं हे गाव लक्षात ठेवायचं, आणि कोण आलं नाही हे त्याहून जास्त दिवस लक्षात ठेवायचं. हिशेब होता, वही नव्हती, कारण सगळे एकमेकांच्या डोळ्यांसमोर होते.

इर्जिकीच्या शेजारी बलुतं होतं. वर्षभर सगळ्या गावाची सेवा करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन वाटा घ्यायचा. एकेका कामाचा भाव नाही, सगळ्यांनी मिळून एकाचं पोट सांभाळायचं. ऐकायला छान वाटतं. पण कोणाचा वाटा केवढा हे जातीने ठरे आणि नको म्हणून बाहेर पडायची सोय नव्हती, हे विसरून बलुत्याचे गोडवे गाणाऱ्यांशी माझं जमत नाही. मजुरीत दर आधी ठरतो आणि काम झालं की संबंध संपतो. मानपानात पैसे नसतात, शाल-श्रीफळ असतं, पहिल्या रांगेतली खुर्ची असते. आणि या सगळ्यांच्या पलीकडे वेठ. वरून हुकूम आला की राबायचं आणि फळ दुसऱ्याच्या घरात जायचं. आपल्या राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने बिगारीला बंदी केली, ती याच अनुभवातून.

सॉफ्टवेअरच्या जगात गेल्या चाळीसेक वर्षांत जाणकारांच्या मोबदल्याचे जेवढे प्रयोग झाले, ते मला या पाच शब्दांत बसवता येतात. नवी नावं इंग्रजी असली तरी भांडणं आपल्या ओळखीची आहेत.

सुरुवात इर्जिकीची होती. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठांमधून युजनेट हे चर्चागटांचं जाळं सुरू झालं. कोणी अडलं की दुसरा सांगे, आज तू, उद्या मी. तेच तेच प्रश्न यायला लागले तेव्हा कोणीतरी बसून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र लिहून काढी आणि दर महिन्याला पुन्हा टाकी. या कष्टाळू माणसांना काय मिळालं, तर नाव. मराठीत १९९६ साली मायबोली सुरू झाली आणि परदेशातल्या मराठी माणसांना एक ओसरी मिळाली. पुढे मनोगत, मिसळपाव यांसारख्या जागा झाल्या. तिथे कविता आणि पाककृतींच्या मधेच कोणीतरी विचारी की माझ्या संगणकावर देवनागरीचे चौकोन का दिसतात, आणि दुसरं कोणीतरी रात्री जागून सांगे. आज आपण फोनवर सहज मराठी लिहितो त्यात या जागरणांचा मोठा वाटा आहे.

मग कंपन्यांच्या लक्षात आलं की ही इर्जिक आपल्याच शेतात चालली आहे. कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेवर मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरबद्दलच्या प्रश्नांना गिऱ्हाईकच गिऱ्हाइकाला उत्तरं देत होतं. फॉक्सप्रो वापरणाऱ्यांपैकी कॅल्विन शिया यांनी महिन्याला कोणी किती लिहिलं याची यादी केली होती, आणि त्या यादीवरून कंपनीला आपले पहिले मानकरी सापडले, असं सांगतात. १९९३ साली मायक्रोसॉफ्टने ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल’ हा वार्षिक सन्मान सुरू केला. तो आजही आहे. पैसे नाहीत, पण सॉफ्टवेअर मिळतं, कंपनीच्या अभियंत्यांपर्यंत थेट पोच मिळते आणि बायोडेटावर मिरवायला एक ओळ मिळते. शाल-श्रीफळच, फक्त आधुनिक. यादीतलं पहिलं माप संख्येचं होतं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

त्याच दशकात अमेरिका ऑनलाइन या कंपनीत मानपानाची वेठ कशी होते हे दिसलं. गप्पांच्या खोल्या सांभाळणारे, नवख्यांना मदत करणारे हजारो लोक तिथे ‘कम्युनिटी लीडर’ म्हणून काम करत. मोबदला म्हणजे सेवेच्या शुल्कात सवलत. हळूहळू कामाच्या पाळ्या आल्या, अहवाल आले, किमान तास आले. १९९९ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी न्यायालयात जाऊन म्हटलं की आम्ही नोकरच आहोत, किमान वेतन द्या. दहाएक वर्षांनी दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. या खटल्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण हौस कुठे संपते आणि चाकरी कुठे सुरू होते हे तिथे अगदी नेमकं दिसतं. न येण्याचं कारण द्यावं लागायला लागलं की समजावं.

बाजाराचा सरळ प्रयोग गूगलने केला. २००२ साली गूगल ॲन्सर्स सुरू झालं. विचारणाऱ्याने २ ते २०० डॉलरमधली किंमत लावायची, निवडलेल्या संशोधकाने उत्तर द्यायचं, त्यातले पंचाहत्तर टक्के त्याने घ्यायचे. दर उघडा, वाटा उघडा. २००६ च्या अखेरीस गूगलने ते बंद केलं. त्या उत्तरांवर नंतर जी संशोधनं झाली त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मला ते आवडतं. २००८ च्या एका अभ्यासात पैसे मोजून घेतलेली उत्तरं फुकटच्या उत्तरांपेक्षा सरस ठरली, आणि जास्त पैसे तर जास्त सरस. २०१० च्या दुसऱ्या अभ्यासात किंमत वाढली की उत्तर लांबतं पण सुधारत नाही, उत्तर चांगलं येतं ते ज्याची आधीपासून पत आहे त्याच्याकडून, असं निघालं. पगारवाढीवर वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना यात आपापला पुरावा सापडेल.

२००८ साली जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ सुरू केलं आणि मानपानाला नाण्याचं रूप दिलं. तुमच्या उत्तराला कोणी वर ढकललं की १० गुण, विचारणाऱ्याने ते स्वीकारलं की १५. मतांच्या गुणांना दिवसाला २०० ची मर्यादा. गुण वाढले की अधिकार वाढतात. ५० ला दुसऱ्याच्या लिखाणावर टिप्पणी करता येते, २००० ला इतरांचं लिखाण थेट सुधारता येतं, पुढे प्रश्न बंद करण्याचं मत मिळतं. आपले गुण खर्च करून आपल्या प्रश्नावर इनाम लावता येतं, कमीत कमी ५०, जास्तीत जास्त ५००. सगळं समोर, सगळं मोजलेलं. इंग्लंडमधल्या जॉन स्कीट नावाच्या प्रोग्रामरने २०१८ च्या जानेवारीत दहा लाख गुण ओलांडले, तसं करणारा तो पहिला.

या यंत्रात सगळ्यांत बोलकी घटना एका छोट्या आकड्याची आहे. चांगल्या प्रश्नालाही आधी उत्तराइतकेच १० गुण होते. २०१० मध्ये ते ५ केले गेले, कारण सांगणारा विचारणाऱ्यापेक्षा मोठा मानला गेला. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा १० झाले. चांगला प्रश्न हीसुद्धा देणगीच आहे, कारण तोच प्रश्न उद्या हजार जणांना पडणार असतो, हे कळायला साडेनऊ वर्षं लागली. आमच्याकडे मास्तरांना ते अजूनही कळायचं आहे.

गुणांच्या यंत्राचे दोषही तिथेच दिसले. पहिलं उत्तर टाकणाऱ्याला मतं जास्त पडतात, म्हणून घाईघाईने अर्धवट ओळ टाकायची आणि मग ती भरत बसायची. सोपा प्रश्न लाखो लोक वाचतात, म्हणून सोप्या उत्तराची कमाई वर्षानुवर्षं चालू राहते. कोणा दोघा-चौघांनाच भेडसावणारी अवघड गाठ तीन रात्री घालवून सोडवली, तर दोन-चार मतं. प्रोग्रामिंगमधली लायब्ररी बदलली तरी जुनं चुकीचं उत्तर गुणांच्या ढिगावर बसून राहतं. २०१३ साली ॲशटन अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गुणांबरोबर मिळणारा एखादा बिल्ला जवळ आला की माणसं नेमकं त्याच्यासाठी लागणारं काम वाढवतात आणि बिल्ला मिळाला की पुन्हा मूळ चालीवर येतात. माप जसं धराल तसं पीक येतं.

आता माझ्या दऱ्या घ्या. ते उत्तर अशा यंत्रात टाकलं असतं तर किती मतं पडली असती? मराठीत टंकणाऱ्यांपैकी अडलेले किती, अडलेल्यांपैकी शोधणारे किती, शोधणाऱ्यांपैकी खातं उघडून मत देणारे किती? मतं वाचकांच्या संख्येवर पडतात, गरजेच्या खोलीवर नाही. म्हणून छोट्या भाषांचे, जुन्या यंत्रांचे, अपंगांसाठीच्या साधनांचे जाणकार या हिशेबात कायम तळाला राहतात. समान दर म्हणजे समान न्याय नव्हे, हे महाराष्ट्राला निराळं सांगायला नको.

माणसं मुळात सांगतात कशासाठी, यावर तीन मतप्रवाह आहेत. पहिला म्हणतो की सांगण्यातच कमाई आहे. करीम लखानी आणि एरिक फॉन हिप्पल यांनी अपाचे या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या मदतकट्ट्याचा अभ्यास २००३ साली छापला. उत्तर देणाऱ्यांचा ९८ टक्के वेळ दुसऱ्यांचे प्रश्न आणि उत्तरं वाचण्यात, म्हणजे स्वतः शिकण्यातच जात होता. प्रत्यक्ष उत्तर लिहायला जाणकाराला काही मिनिटंच लागत. याचा अर्थ मोबदला आधीच पोचलेला आहे. दुसरा प्रवाह म्हणतो की हे सगळं ठीक, पण काही कामांत शिकण्यासारखं काही नसतं. पन्नासाव्यांदा तोच प्रश्न आला, जुनं उत्तर दुरुस्त करायचं आहे, भांडणं सोडवायची आहेत, त्याला दाम द्या. तिसरा म्हणतो की दाम आला की दानत जाते. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाबद्दल हे मांडलं होतं. २००० साली उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी एक खोचक प्रयोग छापला. दारोदार वर्गणी गोळा करणाऱ्या इस्रायली शाळकरी मुलांपैकी ज्यांना अगदी थोडा टक्का दिला त्यांनी काहीच न मिळणाऱ्यांपेक्षा कमी वर्गणी आणली. द्यायचं तर पुरेसं द्या, नाहीतर देऊच नका, असं त्यांनी शीर्षकातच लिहून टाकलं. घरी कामाला येणाऱ्या मावशींना दिवाळीला जुनं पातेलं देणाऱ्यांनी तो निबंध जरूर वाचावा.

ही चर्चा नागपुरात बसून करायला कारण आहे. दरवर्षी आमच्या गावातल्या महाविद्यालयांमधून संगणकाची पोरं बाहेर पडतात. त्यांतली थोडी मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये रुजू होतात, बाकीची पुणे-हैदराबाद-बंगळूरची गाडी धरतात. नोकरीच्या दारात उभं राहताना हातात दाखवायला काहीतरी लागतं, आणि मुक्त सॉफ्टवेअरमधलं फुकट काम हे आता त्या दाखवण्याचं चलन झालं आहे. गर्लस्क्रिप्ट फाउंडेशन ही संस्था नागपुरातूनच उभी राहिली. २०१८ पासून ती उन्हाळ्यात मुक्त सॉफ्टवेअरचा उपक्रम चालवते. काही महिने नवखी मुलं-मुली खऱ्या प्रकल्पांत हात घालतात, कामाच्या अवघडपणाप्रमाणे गुण मिळतात, नावांची उतरंड सगळ्यांना दिसते. नवख्यांच्या शंका सोडवायला मार्गदर्शक असतात. देशभरातली मुलं त्यात उतरतात. मोठ्या शहरांबाहेरच्या एका गावाने हे उभं केलं याचं मला कौतुक आहे. त्याच वेळी, अशा कुठल्याही उपक्रमात उतरंड काम करणाऱ्यांची लागते, शंकानिरसन करणाऱ्याला तीत जागा सापडत नाही, हा प्रश्न शिल्लक राहतोच. वीस मुलांच्या वीस चुका समजावून देणाऱ्याची रात्र कोणत्या रकान्यात लिहायची?

रकाना चुकला की काय होतं हे २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्या जगाने पाहिलं. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून हॅक्टोबरफेस्ट भरवते. मुक्त प्रकल्पांना त्या महिन्यात ठरावीक संख्येने सुधारणा सुचवल्या की तेव्हा टी-शर्ट मिळे. त्या वर्षी संख्या चार होती. एका लोकप्रिय हिंदी व्हिडिओत हे किती सोपं आहे ते दाखवलं गेलं आणि हजारो पोरांनी प्रकल्पांच्या माहितीपानात एखादं विशेषण घालून ‘सुधारणा’ पाठवल्या. ज्यांचा सन्मान करायचा त्याच प्रकल्पचालकांच्या दारात कचरा साचला. काही दिवसांतच आयोजकांना नियम फिरवून, जे प्रकल्प स्वतःहून होकार देतील त्यांच्यापुरतीच स्पर्धा ठेवावी लागली. तेव्हा भारतीय विद्यार्थ्यांची बरीच टिंगल झाली. माझ्या मते दोष मुलांकडे थोडा आणि मापाकडे बराच होता. चार मोजाल तर चार येतील.

मोजूनही कामाचा जीव शाबूत ठेवता येतो का? याचं उत्तर मला सॉफ्टवेअरमध्ये नाही, वर्धा जिल्ह्यात सापडतं. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ पासून गावोगाव उन्हात श्रमदान झालं. श्रमदानाला गुण होते, म्हणजे मोजमाप होतंच. २०१७ मध्ये आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने पहिला क्रमांक काढला, बक्षीस ५० लाखांचं होतं. ते कोणा एकाच्या खिशात गेलं नाही, गावाला मिळालं. आणि बक्षीस न मिळालेल्या गावांच्याही चरांत पाणी थांबलंच. तिथे ज्याने खणलं त्याच्याच विहिरीला पाझर फुटणार होता, म्हणून मापात खोट करणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. बक्षीस मोठं होतं, पण कामाचं फळ त्याहून जवळ होतं.

मजुरीचा स्वच्छ नमुनाही महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प विद्यार्थ्यांकडून पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅबसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लिहून घेतो. आधी प्रस्ताव, मग काम, मग तपासणी, मग मानधन आणि प्रमाणपत्र. कोणी कोणाला उपकृत करत नाही. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात शंका विचारताना धड्यातलं मिनिट आणि सेकंद सांगावं लागतं. ही बारीकशी गोष्ट मला फार मोलाची वाटते. विचारणाऱ्याने थोडे कष्ट घेतले की सांगणाऱ्याचा वेळ वाचतो, आणि दुसऱ्याचा वेळ वाचवणं हा मोबदल्यातला पहिला हप्ता आहे. भाषेच्या बाजूने पाहिलं तर २०१८ मध्ये विकिमीडिया आणि गूगल यांनी प्रोजेक्ट टायगरमधून भारतीय भाषांतल्या विकिपीडिया संपादकांना लॅपटॉप आणि इंटरनेटचा खर्च दिला. लेखामागे पैसे देण्यापेक्षा लिहिण्याची अडचण दूर करायची, असा तो विचार. नांगराचा फाळ मोडला असेल तर मजुरी देण्याआधी फाळ द्यावा.

हे पुस्तक आत्ताच का? कारण शेताचा धनी बदलला आहे. २०२१ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो प्रोसस या डच कंपनीने १८० कोटी डॉलरना घेतलं. किंमत ज्या उत्तरांची होती ती लिहिणाऱ्यांकडे गुण होते, भाग नव्हते. तरीही फार कोणी रागावलं नाही, कारण उत्तरं सगळ्यांना वाचायला उघडीच राहणार होती. २०२२ च्या ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं. पुढच्या सहा महिन्यांत स्टॅक ओव्हरफ्लोवरची हालचाल सुमारे चतुर्थांशाने घटली, असं नंतरच्या एका अभ्यासात दिसलं. यंत्र ज्या उत्तरांवर शिकलं त्यांनाच त्याने ओस पाडायला घेतलं. जून २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेल्या उत्तरांबाबतच्या धोरणावरून तिथल्या बिनपगारी नियंत्रकांनी संप केला. ज्याला पगारच नाही त्याने संप करायचा म्हणजे काय, यावर, हे लेख ज्यांतून आले त्या आमच्या रविवारच्या बैठकीत, एक अख्खी सकाळ गेली. मे २०२४ मध्ये कंपनीने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी करार जाहीर केला. काही जाणकारांनी निषेध म्हणून आपलीच उत्तरं पुसली, कंपनीने ती परत आणली आणि त्यांची खाती काही काळ बंद ठेवली. उत्तरं ज्या परवान्याखाली खुली आहेत त्याप्रमाणे लिहिणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. यंत्राच्या पोटातून बाहेर पडलेल्या वाक्याला कोणाचं नाव लावायचं?

इथे माझं मत सांगून टाकतो, कारण संपादकाने कुंपणावर बसू नये. पैसे द्यावेत की नाही हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. सांगणारा, विचारणारा आणि फायदा घेणारा हे तिघं एकमेकांना दिसत असतील तर जेवणावर भागतं, कधी नुसत्या ‘धन्यवाद’वर भागतं. आमच्या रविवारच्या बैठकीचा सगळा मोबदला तर्री-पोह्यांची एक प्लेट आहे आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही. पण फायदा घेणारा जेव्हा न दिसणारा तिसराच कोणी असतो, तेव्हा त्याने वही उघडी ठेवली पाहिजे. कोणाच्या कामातून किती आलं, कुठे गेलं, उद्या नियम बदलायचे तर कोणाला विचारणार. वही मिटली की त्याच इर्जिकीची वेठ होते, आणि नांगरणाऱ्याला ते संध्याकाळपर्यंत कळत नाही.

संग्रहातल्या सगळ्यांना हे मान्य नाही. हे लेख एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत रविवारी सकाळी भरणाऱ्या बैठकांतून आले आहेत. लिहिणाऱ्यांत मुक्त सॉफ्टवेअरचे जुने जाणकार आहेत, कामगार कायद्याची वकील आहे, एका पतसंस्थेचे निवृत्त हिशेबनीस आहेत आणि अजून नोकरी न लागलेली दोन मुलंही आहेत. वकीलबाईंना माझी इर्जिक भाबडी वाटते. त्यांच्या मते आलेल्याला जेवण असतं हे सांगणारे, न येऊ शकणारीचं सांगत नाहीत. घरातली कामं आटोपून रात्री अकराला संगणक उघडणाऱ्या बाईला ‘पहिलं उत्तर’ कधीच देता येत नाही, म्हणून वेगाला गुण देणारी प्रत्येक पद्धत पुरुषांच्या फुरसतीला गुण देते. या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. हिशेबनीसांनी सहकारी संस्थेच्या लाभांशाचं गणित या क्षेत्राला लावून पाहिलं आहे. एकाच प्रश्नाचं तिघांनी तुकड्यातुकड्याने उत्तर दिलं तर इनाम कसं वाटायचं, यासाठी गणिती लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये मांडलेली वाटणीची रीत त्यांनी भिशीच्या उदाहरणाने समजावली आहे. सूत्रं टाळायची नाहीत आणि वाचकाला घाबरवायचंही नाही, ही कसरत त्यांना साधली आहे असं मला वाटतं.

मोबदल्याचं एकच तयार कोष्टक इथे मिळणार नाही. कूटचलनाच्या नाण्यांत उत्तरांचे पैसे देणारे प्रयोग आम्ही जाणून वगळले. त्यांत मोबदल्यापेक्षा सट्ट्याची चर्चा जास्त करावी लागली असती. मराठीतले अनुभव मुद्दाम जास्त घेतले, कारण इंग्रजीतल्या पुस्तकांत ते येणार नाहीत. लेख क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याला स्वतःचा एखादा गट चालवायचा आहे त्याने शेवटून सुरुवात केली तरी चालेल.

पुस्तक छापायला गेलं आणि मोबदल्याचा प्रश्न आमच्याच पुढ्यात आला. लेखकांना मानधन किती? कोणी म्हणालं शब्दांवर, कोणी म्हणालं सगळ्यांना सारखं, एकाने नको म्हटलं, त्यावर दुसरी म्हणाली की तुमच्या ‘नको’मुळे मागणाऱ्यांना ओशाळं व्हावं लागतं. दोन रविवार भांडून ठरलं की सगळ्यांना सारखं, नाकारायची मुभा नाही, पुढे दान करायचं त्याने घरी जाऊन करावं. मुद्रितं तपासणाऱ्यालाही तेवढंच. जमा-खर्च शेवटच्या पानावर छापला आहे. त्यात डीटीपीवाल्याच्या आग्रहावरून एक ओळ आहे: ‘दऱ्या’चं उत्तर देणारे, एक मानधन, पत्ता मिळाल्यावर. पैसे बाजूला काढून ठेवले आहेत.